आज्जीचा खुबा आणि माझा टी-स्कोअर

गेल्या महिन्यात मगरपट्ट्यात एका मैत्रिणीच्या ऑफिसात गेले होते. लंचचा प्लॅन होता, पण रिसेप्शनपाशीच गर्दी. फ्री हेल्थ चेकअप! एका टेबलावर छोटंसं मशीन, त्यात टाच ठेवायची, दोन मिनिटं गप्प बसायचं, की हाडांचं प्रगतिपुस्तक हातात. मैत्रीण म्हणाली, ‘‘चल गं, फुकट आहे.’’ फुकट म्हटल्यावर पुणेकर मागे हटतो होय?

रिपोर्ट आला. टी-स्कोअर उणे १.४. शेजारी पिवळा पट्टा आणि त्यावर भलामोठा शब्द, ‘ऑस्टिओपेनिया’. वय वर्षं अठ्ठावीस आणि हाडं विरळ! टेबलामागच्या मुलानं अगदी दुःखी चेहरा करून सांगितलं, ‘‘मॅडम, इंडियन लेडीजची हाडं मुळातच वीक असतात,’’ आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा पुढे सरकवला.

एरवी मी तो कागद चुरगाळून पर्समध्ये टाकला असता. पण त्याच्या आदल्याच रविवारी मी लोणी भापकरला होते, आज्जीकडे. तिचा खुबा मोडून दहा महिने झाले होते. त्यामुळे ‘मुळातच वीक’ हे शब्द डोक्यातून जाईनात. मुळातच म्हणजे कुठून? आणि कोणाच्या तुलनेत वीक?

‘काय न्हाई गं, जरा पाय सटाकला’

आमची लोणी बारामती तालुक्यातली. बारामती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ऊस, कालवे आणि हिरवंगार काहीतरी येतं ना? ते तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला. जेजुरी, मोरगाव करत तुम्ही लोणीकडे यायला लागलात की जिरायत पट्टा सुरू होतो. बाजरी, ज्वारी, गोठ्यात दोन गाई आणि डोळे आभाळाकडे. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि त्याच्यासमोर पायऱ्यापायऱ्यांची देखणी पुष्करणी. श्रावणी सोमवारी आज्जी या पायऱ्यांवर हमखास दिसायची.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली. उभ्याउभ्या. कुठून पडली नाही की गाडीनं उडवलं नाही. पप्पांना फोनवर म्हणाली, ‘‘काय न्हाई गं... आरं, जरा पाय सटाकला.’’ (आधी मी फोन घेतला होता, मग पप्पांनी.) दोन दिवस तेल लावून, शेकून झालं. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना, तेव्हा बारामतीतल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. आज आज्जी अंगणापर्यंत येते, देवळापर्यंत नाही.

आणि आम्ही नशीबवान आहोत, बरं का. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचात एक जण पहिल्या वर्षभरातच जातो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. हाडामुळे नाही, तर झोपून राहिल्यामुळे. न्युमोनिया, पाठीच्या जखमा, रक्ताच्या गुठळ्या. हाड हे निमित्त.

उणे १.४, पण कोणापेक्षा?

तर माझा टी-स्कोअर. घरी आल्यावर मी एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांना गाठलं. त्यांनी कागद बघितला आणि हसले. म्हणाले, ‘‘यातल्या तीन गोष्टी आधी खोडा.’’

पहिली, टाचेचं अल्ट्रासाउंड मशीन. त्यावरून ऑस्टिओपेनिया किंवा ऑस्टिओपोरोसिस असा शिक्का मारता येत नाही. त्यासाठी डेक्सा स्कॅन लागतो, कंबरेचा आणि खुब्याचा.

दुसरी, माझं वय. पाळी चालू असलेल्या बाईला आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला टी-स्कोअर लावायचाच नसतो. त्यांच्यासाठी झेड-स्कोअर असतो, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना.

तिसरी गंमत सगळ्यात भारी. टी-स्कोअर म्हणजे ‘तरुण, निरोगी माणसापेक्षा तुमचं हाड किती कमी भरलेलं आहे’ याचा आकडा. उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली आखली. पण ही तरुण, निरोगी व्यक्ती कोण? आंतरराष्ट्रीय मापात खुब्यासाठी ती आहे अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी सर्वेक्षणातली विशीतली गोरी मुलगी. म्हणजे लोणी भापकरच्या आज्जीची तुलना कोणाशी, तर तिकडच्या कॉलेजकन्यकेशी! आज्जीला हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत बसली.

उसाची कांडी आणि तिची सावली

मग आपली हाडं खरंच विरळ असतात की मापच चुकतं? दोन्ही थोडं थोडं.

डेक्सा मशीन हाडाचा सपाट फोटो काढतं. लांबी-रुंदी कळते, जाडी कळत नाही. आता उसाच्या दोन कांड्या घ्या, एक जाड आणि एक बारीक. आतला गर सारखाच घट्ट. पण उजेडासमोर धरल्या तर जाड कांडीतून उजेड कमी येणार, कारण तिच्यात एकामागे एक गर जास्त आहे. मशीनला वाटणार, जाडी जास्त भरीव! आपल्या बायकांचा बांधा लहान आणि हाडं बारीक. त्यामुळे त्यांची घनता या मापात आहे त्यापेक्षा कमी दिसते. हाडाच्या आकाराचा हिशेब धरला की गोऱ्या बायका आणि आशियाई बायका यांच्यातला फरक बराच आक्रसतो.

(याचा अर्थ बारीक कांडी मोडत नाही असा नाही. ती मोडतेच. पण ‘बारीक’ आणि ‘पोकळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

आता उलटा धक्का. ज्या गोऱ्या बायकांची हाडं मशीनवर भरीव दिसतात, त्यांच्यातच खुबे जास्त मोडतात. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, म्हणजे दूध-चीज खाणारी, उंचनिंच माणसं, या यादीत वरच्या नंबरांवर. भारतातला आकडा हवा असेल तर हरियाणातल्या रोहतक जिल्ह्याचा बघा. तिथल्या हॉस्पिटलांच्या नोंदी जमवून २०१३ साली प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो, की पन्नाशीपुढच्या दर एक लाख बायकांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ खुबे मोडतात. स्कँडिनेव्हियातला आकडा याच्या कितीतरी पट आहे.

आफ्रिकेतल्या गांबिया देशाचं उदाहरण तर डोकं फिरवणारं आहे. तिथल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हाडांत खनिज कमी, पण ठिसूळ हाडांमुळे होणारी फ्रॅक्चर्स दुर्मिळ. हे निरीक्षण १९९६ साली ब्रिटिश संशोधकांनी छापलं. जेवणात कॅल्शियम बेताचंच. पण आयुष्यभर चालणं, वाहणं, कांडणं. शिवाय हाडाची ठेवणही महत्त्वाची. आशियाई बायकांच्या मांडीच्या हाडाची मान आखूड असते. लांब फांदी वाऱ्यानं आधी मोडते, आखूड तग धरते, तसंच काहीसं.

मला हे वाचून हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपण आशियाई, आपला खुबा सेफ! मग आत्याचा फोन आला.

आत्या, न्यू जर्सी आणि एक क्लिक

माझी आत्या, म्हणजे आज्जीची धाकटी लेक, वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. वय पन्नास. या हिवाळ्यात बर्फावर घसरली आणि मनगट मोडलं. तिच्या डॉक्टरनं कॉम्प्युटरवर ‘फ्रॅक्स’ उघडलं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं, २००८ साली जगापुढे आलेलं हे कॅल्क्युलेटर. वय, वजन, उंची, सिगारेट, स्टेरॉइड, आधीचं फ्रॅक्चर असे मोजके प्रश्न आणि उत्तर म्हणून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचे टक्के.

पण अमेरिकेचा पर्याय घेतला की आधी वंश निवडायला लागतो. कॉकेशियन, ब्लॅक, हिस्पॅनिक, एशियन. डॉक्टरनं ‘एशियन’वर क्लिक केलं. बाकी सगळी उत्तरं तीच ठेवून ‘कॉकेशियन’वर क्लिक केलं असतं तर धोका साधारण दुप्पट आला असता! तिथे रिवाज असा, की हाडं थोडी विरळ असलेल्या माणसाचा खुब्याचा धोका ३ टक्क्यांवर गेला की औषधाचा विचार सुरू होतो. म्हणजे औषध मिळणार की ‘काळजी करू नका’ ऐकायला मिळणार, हे एका चौकटीवर ठरू शकतं. आणि ‘एशियन’ म्हणजे कोण? टोकियोची जपानी, मनिलाची फिलिपिनो आणि लोणी भापकरची आमची आत्या, सगळ्या एकाच टोपलीत.

आत्या वैतागली होती. ‘‘इथे नोकरीच्या फॉर्मवर वंश विचारतात ते समजलं गं. पण मनगटालाही?’’

तिचा वैताग फक्त तिचा नाही. अमेरिकेतल्या हाडतज्ज्ञांच्या संघटनेनं नेमलेल्या गटानं २०२४ साली हेच सांगितलं, की धोका मोजताना वंशाची चौकट काढून टाका.

मग भारतात काय? भारताचंही फ्रॅक्स आहे, पण त्यामागचे फ्रॅक्चरचे आकडे सिंगापूरमध्ये राहणाऱ्या भारतीयांचे. म्हणजे आज्जीचा हिशेब करायचा तर तिला आधी सिंगापूरला न्यायचं! आणि सिंगापूरचीच गोष्ट ऐका. १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत तिथल्या बायकांमधलं खुब्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण जवळपास पाच पट झालं. तीस वर्षांत माणसांचा वंश बदलतो का हो? बदललं ते जगणं. शेत-बाजार गेले, ऑफिस-लिफ्ट आले. ‘वंशाचा धोका’ म्हणून जे छापलं जातं, त्यातला मोठा भाग हा असा जगण्याचा हिशेब असतो. तो गोठलेला नसतो.

दूध इकायचं असतं

मी आज्जीच्या हाडांचा हिशेब मांडून बघितला. ७२ च्या दुष्काळात ती चोविशीची. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, मिळेल ती सुकडी खायची. पुढच्या वर्षी पप्पा झाले. त्याच्या आधी आणि नंतर आयुष्यभर डोक्यावर हंडे, रानात ऊन. म्हणजे व्यायाम भरपूर, ऊन भरपूर. कमी काय पडलं?

मी तिला विचारलं, ‘‘आज्जी, तू दूध प्यायचीस का गं?’’ ती म्हणाली, ‘‘येडी का काय? दूध इकायचं असतं, प्यायचं न्हाई.’’

जिरायत भागात गाईचं दूध म्हणजे रोख पैसा. सकाळी किटली डेअरीवर जाते, घरात राहतं ते चहापुरतं. त्या चहातही घरच्या बाईचा नंबर शेवटचा. बाजरीची भाकरी चांगलीच, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली गरीब घरांतल्या बायकांचा अभ्यास छापला, त्यात त्यांच्या जेवणातून दिवसाला मिळणारं कॅल्शियम होतं २७० मिलिग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरची आजची शिफारस आहे १००० मिलिग्रॅम. यात वंश कुठे आला? यात दुधाचा भाव आला, आणि घरात शेवटी कोण जेवतं ते आलं.

हे पुढच्या पिढीतही उतरतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमचं हे काम जगभर माहीत आहे. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर जवळपास सातशे जणांची हाडं तपासली. ज्या आयांच्या गरोदरपणातल्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं असे कॅल्शियम देणारे पदार्थ वरचेवर होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरीव निघाली. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आई-वडिलांच्या आणि मुलांच्या हाडांचंही नातं दिसलं, म्हणजे जीन्सचा वाटा आहेच. पण त्याच्या शेजारी ताटाचाही वाटा आहे, आणि तो आपल्याला बदलता येतो.

स्कूटीवरची निंजा

आता स्वतःकडे वळते. आज्जीकडे ऊन होतं, दूध नव्हतं. माझ्या फ्रिजमध्ये दूध आहे, चीज आहे, ग्रीक योगर्टसुद्धा आहे. पण ऊन? स्कूटीवर निघताना स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, वर सनकोट. पुण्याच्या पोरींना उगाच निंजा म्हणत नाहीत! मग एसी, मग अंधार पडल्यावर घरी. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीइतकंच ड जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागतं. ग्लासगोला गेलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांना १९६०-७० च्या दशकांत मुडदूस झालेला दिसला, तो काही अंशी याच कारणानं. आपण तर ग्लासगोला न जाताच घरात ग्लासगो केलंय.

आणि डोक्यावर हंडे? जिम लावलीय, वर्षाची फी भरलीय, शेवटचं कधी गेले ते विचारू नका.

हाडांची बँक साधारण तिशीपर्यंतच भरत असते, बॉस. नंतर काढणंच जास्त. त्या टेबलामागचा मुलगा माझा आकडा चुकीचा वाचत होता, पण वय मात्र अगदी बरोबर पकडलं होतं. आत्ताच काहीतरी करायला हवं.

‘तिनं खाट धरली होती’

फ्रॅक्समध्ये एक प्रश्न आहे, तुमच्या आई किंवा वडिलांचा खुबा कधी मोडला होता का? आत्यानं ‘हो’ लिहिलं. लोणीच्या न्हाणीतला तो एक घसरलेला पाय असा न्यू जर्सीच्या फॉर्मवर पोचला आणि तिचा धोका वाढवून गेला. चांगलंच झालं. डॉक्टरनं डेक्सा करायला सांगितला.

मी गंमत म्हणून हाच प्रश्न आज्जीला विचारला. ‘‘तुझ्या आईचा खुबा मोडला होता का गं?’’

‘‘न्हाई बाई. ती उंबऱ्याला अडखळून पडली. मग तिनं खाट धरली. पाच म्हैन्यांनी गेली.’’

मी गप्पच झाले. उंबऱ्यात पडली, पाय टेकवेना, खाट धरली, गेली. एक्स-रे नाही, नोंद नाही. आज्जीच्या मते तिच्या आईला ‘काही मोडलं नव्हतं’. आपल्या भाषेत किती सहज बोलतो आपण, म्हातारीनं खाट धरली, म्हातारा कंबरेत वाकला, आजीला पोक आलं. त्यातल्या कितीतरी वाकलेल्या पाठींमध्ये दबलेले मणके असतील आणि कितीतरी खाटांवर मोडलेले खुबे. ते कुठल्याच हॉस्पिटलच्या रजिस्टरात गेले नाहीत. आणि जे रजिस्टरात नाही ते जगाच्या तक्त्यात नाही. मग तक्ता म्हणतो, भारतीयांचे खुबे फार मोडत नाहीत.

म्हणून आता मला ‘इंडियन हाडं मुळातच वीक’ हेही पटत नाही आणि ‘एशियन आहात, धोका निम्मा’ हेही. दोन्हीकडे आपण मोजले गेलेलोच नाही नीट. एका घरातल्या तीन बायका. एकीला सिंगापूरचा आकडा, एकीला ‘एशियन’ची चौकट, एकीला अमेरिकन तरुणीची पट्टी. हाड मात्र एकाच मल्लिकार्जुनाच्या पायऱ्या चढलेलं.

परवा आज्जीच्या न्हाणीत भिंतीला दांडा बसवला, खाली खरबरीत फरशी टाकली. चहात दूध वाढवायला सांगितलं तर म्हणाली, ‘‘डेअरीवाला काय म्हनंल?’’ म्हटलं, अर्धा लिटर कमी पडलं तर त्याला माझा नंबर दे.

येत्या रविवारी घरी फोन कराल ना, तेव्हा एक प्रश्न विचारा. आपल्याकडे कोणी खाट धरली होती का, आणि कशानं? उत्तर लिहून ठेवा. कधीतरी तुमच्या फॉर्मवर लागेल.

चौकट : हाडांचा फंडा

• टाचेच्या मशीनच्या आकड्यावर गोळ्या घेऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून डेक्सा. पन्नाशीच्या आत, पाळी चालू असेल तर झेड-स्कोअर बघा.

• रोजचं टार्गेट १००० मिलिग्रॅम कॅल्शियम. २०० मिलिलिटर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ तर खजिनाच. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो, ते वर्षभर लावायला कोणाची ना आहे?

• हातपाय उघडे ठेवून थोडं ऊन घ्या. गच्चीवर चहा प्यायला गेलात तरी चालेल.

• हाडांवर भार पडू द्या. जिने चढा, उड्या मारा, वजन उचला. नुसतं पोहणं हाडांना पुरत नाही.

• सिगारेट, मिशरी, तंबाखू यातलं काहीही हाडांचं दोस्त नाही.

• घरात म्हातारं माणूस असेल तर बाथरूममध्ये दांडा, रात्री दिवा, आणि पडल्यावर पाय टेकवत नसेल तर तेल-शेक नको, आधी एक्स-रे. उभ्याउभ्या पडून हाड मोडलं तर प्लॅस्टरवर थांबू नका, ‘हाडांची तपासणी करायची का?’ हे डॉक्टरांना नक्की विचारा.